आत जाता येणारा स्तूप

नागपूरची दीक्षाभूमी म्हणजे सांचीच्या स्तूपाची मोठी प्रतिकृती, हे वाक्य पर्यटनाच्या माहितीपत्रकांत आणि विजयादशमीच्या पुरवण्यांत इतक्यांदा छापून आले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. वाक्य खोटे नाही. पण ते वास्तूच्या बाह्यरेषेपाशी थांबते, आणि बाह्यरेषा ही कोणत्याही धार्मिक वास्तूची सर्वांत वरवरची ओळख असते.

माझे म्हणणे असे आहे. दीक्षाभूमीने सांचीकडून आकार घेतला, पण तिची मूळ कल्पना सांचीत नाही. सांचीचा स्तूप भरीव आहे, दीक्षाभूमीचा पोकळ. हा फरक बांधकामाच्या सोयीपुरता नाही. माणसाने पवित्र वस्तूच्या बाहेर उभे राहायचे की आत, याबद्दलचा तो निर्णय आहे. एका प्रचंड घुमटाखाली संपूर्ण समुदाय एकत्र आणायचा, ही कल्पना पूर्ण धाडसाने प्रत्यक्षात उतरली ती सहाव्या शतकात, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, बायझंटाइन वास्तुकारांच्या हातून. म्हणून दीक्षाभूमी नीट समजून घ्यायची तर सांचीइतकेच तिथले हागिया सोफिया हे चर्चही डोळ्यांपुढे ठेवावे लागते. दीक्षाभूमीचे वास्तुकार शिवदान मल यांनी तिथून काही उचलले, असा माझा दावा नाही. दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या धर्मांत, एकच प्रश्न उभा राहिला आणि त्याला दिलेली उत्तरे एकमेकांशेजारी ठेवली की दोन्ही वास्तू अधिक स्पष्ट दिसतात, एवढेच मला दाखवायचे आहे.

१. सांचीत माणूस बाहेर असतो

सांचीच्या मोठ्या स्तूपाचा व्यास सुमारे ३६.६ मीटर, म्हणजे १२० फूट. दीक्षाभूमीच्या घुमटाचा व्यासही १२० फूटच सांगितला जातो. प्रतिकृतीचा समज या साम्यामुळे पक्का होत असावा. पण सांचीचा स्तूप साडेसोळा मीटरच्या आसपास उंच आहे, तर नागपूरचा १२० फूट. तितक्याच रुंदीवर दुपटीहून अधिक उंची गाठणारी वास्तू प्रतिकृती कशी म्हणायची? ही उंची आतल्या पोकळीने मागितली आहे.

सांचीच्या पोटात अशोककालीन विटांचा गाभा आहे आणि त्यावर नंतर चढवलेला दगडी थर. त्यात आत जाणे संभवतच नाही. भक्ताची सगळी क्रिया बाहेर घडते: तोरणातून प्रवेश, वेदिकेच्या, म्हणजे दगडी कठड्याच्या आतून प्रदक्षिणा, पायऱ्या चढून मेधीवर, म्हणजे वरच्या चौथऱ्यावर पुन्हा प्रदक्षिणा. शिल्पवैभवही सगळे बाहेर, तोरणांवर. जे सर्वांत पवित्र, ते कायमचे बंद. माणसाने त्याच्याभोवती फिरायचे. ही रचना अपुरी नाही, तिच्यामागे स्वतःचे तत्त्वज्ञान आहे. अस्थिधातू दिसत नाहीत, त्यांच्यावर उभारलेली रास दिसते, आणि शरीराच्या हालचालीतूनच श्रद्धा व्यक्त होते.

विदर्भाला ही परंपरा परकी नाही. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आले. तेव्हा स्तूप नागपूरकडे सांचीहून उसना आला, असे समजण्याचे कारण नाही. वैनगंगेच्या काठी तो दोन हजार वर्षांपूर्वीच होता, आणि तोही बाहेरून फिरण्याचाच होता.

२. कार्ल्याने शोधलेली तोड

भिक्षू आणि उपासक एकत्र जमायचे, तर बाहेरचा स्तूप पुरेसा पडत नाही, विशेषतः आपल्या पावसाळ्यात. सह्याद्रीत यावर जी तोड निघाली ती चैत्यगृहाची. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ४५ मीटर खोल आहे. दोन्ही बाजूंना स्तंभांच्या रांगा, वर लाकडी फासळ्या लावलेले कमानदार छत आणि टोकाला भरीव स्तूप. म्हणजे सभा आणि स्तूप एका छताखाली आले, पण दोघांची ओळख वेगळीच राहिली. सभागृह पोकळ, स्तूप भरीव.

इथे एक तांत्रिक बाबही लक्षात घ्यायला हवी. कार्ल्याचे छत बांधलेले नाही, कोरलेले आहे. कमान जो भार बाजूंना रेटते, तो इथे डोंगर गिळतो. त्यामुळे मोठ्या पोकळ छताचा खरा बांधकामाचा प्रश्न, म्हणजे बाजूंना जाणारा रेटा कुठे उतरवायचा, हा सह्याद्रीतल्या कारागिरांपुढे कधी आलाच नाही. ज्यांच्यापुढे तो आला, त्यांच्याकडे आता वळू.

३. कॉन्स्टँटिनोपलपुढचा प्रश्न

रोमन लोकांना घुमट नवा नव्हता. रोममधल्या पँथिऑनचा घुमट ४३ मीटरहून अधिक व्यासाचा आहे, पण तो गोल भिंतीवर बसतो. गोलावर गोल ठेवणे तुलनेने सोपे. शिवाय गोल इमारत स्वभावतः एका मध्यबिंदूभोवती फिरते, म्हणून ख्रिस्ती काळात ती समाधीसाठी आणि हुतात्म्यांच्या स्मारकांसाठी वापरली गेली. सामूहिक उपासनेला मात्र लांबट सभागृह लागे, बॅसिलिका. म्हणजे रोमन साम्राज्याच्या ख्रिस्ती जगातही आपल्यासारखीच फाळणी होती: स्मरणाची वास्तू गोल, सभेची वास्तू लांबट.

सन ५३२ मध्ये निका दंगलीत कॉन्स्टँटिनोपलचे मुख्य चर्च जळाले आणि सम्राट जस्टिनियनने नवे, म्हणजेच हागिया सोफिया, बांधायला घेतले. काम सोपवले ते ट्रॅलिसचा अँथेमियस आणि मिलेटसचा इसिडोर यांच्यावर. दोघेही गणिताचे जाणकार होते, आणि त्यांनी नेमकी ही फाळणी मोडली. लांबट सभागृहाच्या मध्यावर त्यांनी सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट उचलला, जमिनीपासून ५५ मीटर उंचीवर.

घुमट गोल आणि खालचा आधार चौकोनी. चौरंगावर परात उपडी घातली की कोपरे उघडे राहतात, तशी ही अडचण. त्यांनी चार मोठ्या कमानींच्या मधल्या कोपऱ्यांत गोलाच्या पृष्ठभागाचे वक्र त्रिकोणी तुकडे बांधले. वास्तुशास्त्रात त्यांना पेंडेंटिव्ह म्हणतात. हे तुकडे वरच्या वर्तुळाचे ओझे घेऊन चार खांबांवर आणून सोडतात. पूर्व-पश्चिमेला अर्धघुमट लावून त्यांनी रेटा टप्प्याटप्प्याने खाली उतरवला. घुमटाच्या पायथ्याशी ४० खिडक्या ठेवल्या. त्यांतून येणाऱ्या उजेडामुळे खालून पाहणाऱ्याला घुमट भिंतींपासून सुटल्यासारखा भासतो.

हा पराक्रम निर्दोष नव्हता. भूकंपांनी खिळखिळा झालेला पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला. धाकट्या इसिडोरने तो अधिक उंच, अधिक बाकदार करून ५६२ पर्यंत पुन्हा उभा केला, कारण उथळ घुमट बाजूंना जास्त रेटतो. पुढेही दोनदा त्याचे भाग पडले आणि पुन्हा बांधले गेले. या डागडुजीच्या इतिहासामुळे मला ती वास्तू अधिक मोठी वाटते. समुदायाला एका छताखाली आणण्याची किंमत ते शहर पुन्हा पुन्हा देत राहिले.

बायझंटाइन वास्तूचा आणखी एक विशेष इथे महत्त्वाचा आहे. तिचे बाह्यांग अनेकदा साधे, विटांचे, जवळजवळ उदास असते. वैभव आत असते: संगमरवरी फरश्यांच्या भिंती आणि सोन्याचे मोझेक. काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख दाबून केलेले बारीक तुकडे मुद्दाम कमी-जास्त तिरपे बसवत, म्हणजे दिव्यांच्या हलत्या उजेडात भिंत चमचमत राहावी. सांचीच्या नेमके उलटे. तिथे कोरीव काम बाहेर आणि पोट मुके. इथे बाहेर मुके आणि पोटात सगळे.

४. घुमटातून कोण पाहते?

आकाराचे आणि रचनेचे झाले. आता अर्थाकडे येऊ, कारण बायझंटाइन कलेत चित्राची जागा हीच चित्राची शिकवण असते.

आठव्या आणि नवव्या शतकांत या साम्राज्यात मूर्ती-चित्रांवरून शंभराहून अधिक वर्षे संघर्ष चालला. प्रतिमा फोडल्या गेल्या, त्यांच्या पूजकांना छळले गेले. सन ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमांना मान्यता दिली, ती पुन्हा नाकारली गेली आणि अखेर ८४३ मध्ये प्रतिमापक्ष जिंकला. विजयी पक्षाचे प्रतिपादन असे होते की प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेत अडकत नाही, तो मूळ व्यक्तीपर्यंत पोचतो. त्यानंतर चर्चमधल्या चित्रांचा क्रम पक्का होत गेला. घुमटात सर्वशक्तिमान ख्रिस्त, पूर्वेच्या अर्धघुमटात मेरी, त्याखाली सणांचे प्रसंग, आणखी खाली संत, आणि सर्वांत खाली जमिनीवर जिवंत माणसे. ग्रीसमधल्या डॅफ्नीच्या मठात घुमटातून खाली रोखून पाहणारा ख्रिस्त ज्यांनी छायाचित्रात का होईना पाहिला आहे, त्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. घुमट म्हणजे स्वर्ग आणि स्वर्गातून कुणीतरी पाहत आहे.

दीक्षाभूमीच्या घुमटात वरून पाहणारे कुणी नाही. बुद्धमूर्ती आहे ती खाली, माणसे जिथे उभी असतात त्या मजल्यावर. माझ्या मते या वास्तूतला हा सर्वांत अचूक निर्णय आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी आग्रहाने मांडले आहे की बुद्धाने स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही. मोक्षदाता घुमटात शोभतो. मार्गदात्याची जागा चालणाऱ्यांच्या पातळीवर. घुमट रिकामा ठेवणे म्हणजे सजावट राहून जाणे असे कुणाला वाटेल, पण धम्माच्या दृष्टीने तो रिकामाच असायला हवा.

याच संदर्भात परिसरातल्या स्तंभावर कोरलेल्या बावीस प्रतिज्ञा पाहाव्यात. बायझंटाइन चर्चने अक्षर न वाचणाऱ्याला चित्रातून शिकवले. दीक्षाभूमीने वाचणाऱ्या समाजाची कल्पना केली आणि प्रतिमेइतकेच महत्त्व अक्षराला दिले. पिढ्यान्पिढ्या ज्यांना अक्षर नाकारले गेले, त्यांच्या स्मारकात हे व्हावे यात मोठे औचित्य आहे.

५. आत जाण्याचा हक्क

आता माझ्या प्रतिपादनाचा गाभा. पोकळपणाला एवढे महत्त्व का?

हिंदू मंदिराच्या रचनेत सर्वांत पवित्र जागा गर्भगृहाची. ते लहान, अंधारे, एका-दोन माणसांपुरते. मंदिराचा मंडप मोठा असला तरी पावित्र्याच्या पायऱ्या आत-बाहेर अशा आखलेल्या असतात, आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींना शेवटच्या पायरीच्याही बाहेर ठेवलेले होते. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षे चालला. दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटच्या मैदानावर महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेऊन, मग स्वतः लाखो अनुयायांना दीक्षा दिली.

ज्या समाजाच्या आजोबांना देवळाच्या दारातून परत पाठवले गेले, त्या समाजाने आपले सर्वांत मोठे स्मारक उभारताना काय करावे? भरीव स्तूप बांधला असता, तर परंपरेला धरून झाले असते. पण पुन्हा एकदा पवित्र वस्तू बंद आणि माणसे बाहेर. पोकळ स्तूपात मात्र जी वस्तू बाहेरून वंदन करण्याची होती, तिच्या आतच माणसे उभी राहतात. कार्ल्यात स्तूप सभागृहात होता. इथे स्तूपच सभागृह झाला. स्तूपात बाबासाहेबांच्या अस्थीही आहेत, त्यामुळे स्मरण आणि सभा एका घुमटाखाली आल्या. हागिया सोफियाच्या वास्तुकारांनी मोडलेली फाळणी ती हीच. योगायोग असा की ७८७ च्या त्याच परिषदेने नवे चर्च पावन करताना त्यात पवित्र अवशेष ठेवण्याचा नियमही केला होता.

मात्र एक फरक डोळ्याआड करता येत नाही. बायझंटाइन चर्चमध्ये सारे घुमटाखाली येत, पण सारे सारखे नव्हते. वेदीच्या भागापुढे अडसर असे, पुढे त्याची प्रतिमांनी भरलेली भिंतच झाली. सम्राटाला वेगळी जागा होती आणि स्त्रियांना बरेचदा सज्ज्यात उभे केले जाई. रावेन्नाच्या सान व्हिताले चर्चमध्ये, जे ५४७ मध्ये पावन झाले, वेदीजवळच्या भिंतींवर जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा दरबारासह उभे आहेत. दीक्षाभूमीच्या घुमटाखाली असे राखीव आवार नाही. बायझंटाइनांनी अर्ध्यात सोडलेले वाक्य नागपूरने पुरे केले, असे मला वाटते.

६. काही आक्षेप

पहिला आक्षेप: पोकळ स्तूप हा काँक्रीटच्या युगाचा सहज परिणाम आहे, त्यात एवढा अर्थ शोधू नये. पण काँक्रीट सर्वांनाच उपलब्ध होते. जपानी भिक्षूंच्या पुढाकाराने राजगीरला १९६९ मध्ये झालेला विश्वशांती स्तूप पाहा. तो आधुनिक आहे, भव्य आहे आणि माणूस तिथे बाहेरूनच प्रदक्षिणा घालतो. तंत्र शक्यता देते, निवड माणसे करतात. आणि तंत्राचे म्हणाल तर मुंबईजवळ गोराईला २००९ मध्ये खुल्या झालेल्या विपश्यना पॅगोडाचा सुमारे ८५ मीटर व्यासाचा घुमट खांबांशिवाय, एकमेकांत अडकवलेल्या दगडांनी तोललेला आहे. त्याखाली आठ हजार साधक बसू शकतात. महाराष्ट्रातल्या बौद्धांच्या दोन मोठ्या आधुनिक वास्तू पोकळ आहेत आणि दोन्ही सभेसाठी आहेत. याला सोय म्हणून सोडून देता येणार नाही.

दुसरा आक्षेप: घुमट आपल्याकडे इस्लामी वास्तुकलेतून आला, मग कॉन्स्टँटिनोपलला कशाला जायचे? आक्षेप रास्त आहे. विजापूरचा गोल घुमट १६५६ चा. एकमेकांना छेदणाऱ्या कमानींवर चौकोनाचे वर्तुळ करण्याची त्याची युक्ती हागिया सोफियाच्या पेंडेंटिव्हइतकीच अभिमानास्पद आहे आणि आपल्या अधिक जवळची. पण गोल घुमट ही मुहम्मद आदिलशाहाची कबर आहे. सामूहिक नमाजाचे विशाल घुमट उस्मानी तुर्कांनी बांधले, वास्तुकार सिनानची १५५७ ची सुलेमानिये मशीद त्यांत अग्रणी. आणि तुर्कांपुढे आदर्श होता तो जिंकून घेतलेल्या हागिया सोफियाचाच. शिवाय घुमट म्हटला की त्याखाली सभा भरतेच असेही नाही. नागपूरच्याच उच्च न्यायालयाच्या, हेन्री मेड यांनी आखलेल्या आणि १९४० मध्ये खुल्या झालेल्या इमारतीचा घुमट शहराला उत्तम शोभतो, पण त्याचे काम सत्तेचा मुकुट होण्याचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो मी पूर्णपणे परतवू शकत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इथे लाखो माणसे येतात. त्यांतली बहुतेक बाहेर असतात: मैदानावर, रस्त्यांवर, पुस्तकांच्या दुकानांपुढे, भोजनदानाच्या मांडवांत. मग आतल्या पोकळीला मध्यवर्ती ठरवणे म्हणजे खऱ्या दीक्षाभूमीकडे पाठ फिरवणे नाही का? १९५६ मध्ये तर इमारतच नव्हती. बांधकाम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते लोकार्पण झाले. पंचेचाळीस वर्षे मैदानानेच ही स्मृती सांभाळली. हे सगळे मान्य. म्हणून मी इतकेच म्हणेन की मैदान मूळ आहे आणि स्तूप त्याचा अर्थ सांगणारा. त्या दिवशी मैदानावर जे घडले, त्यात आत आणि बाहेर अशी रेघ उरली नव्हती. स्तूप पोकळ ठेवला, तेव्हाच ती गोष्ट वास्तूत उतरली.

लोकांना हे वास्तुशास्त्राच्या भाषेत मांडता आले नाही तरी कळते. १ जुलै २०२४ रोजी परिसरातल्या भूमिगत वाहनतळाच्या कामाविरुद्ध जमाव उसळला, स्तूपाला धोका होईल ही भीती त्यामागे होती, आणि सरकारला काम थांबवावे लागले. तोडफोड-जाळपोळ झाली, तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण मोठा घुमट जमिनीच्या जिवावर उभा असतो, ही जाणीव त्या भीतीच्या मुळाशी होती आणि ती खरी आहे. कॉन्स्टँटिनोपलमध्ये घुमट कोसळला, त्यात जमीन हादरण्याचाही वाटा होता.

७. आतल्या भिंतींचे काय करायचे

दीक्षाभूमीच्या विकासाची चर्चा होते तेव्हा प्रवेशद्वारे, कुंपण, वाहनतळ, रोषणाई यांचीच होते. आतल्या जागेविषयी क्वचित कुणी बोलते. कधी ना कधी ती रंगवण्याचा, चित्रांनी भरण्याचा विचार पुढे येईल, आणि मोठा घुमट पाहिला की त्यावर काहीतरी काढावे हा मोह पहिल्यांदा होतो. तेव्हा बायझंटाइन अनुभव उपयोगी पडावा. चित्र कुणाचे, यापेक्षा ते किती उंचीवर, हा निर्णय मोठा असतो. बुद्धाची किंवा बाबासाहेबांची प्रतिमा घुमटाच्या शिखरावर चढवली तर तिची शिकवण बदलते, चित्रकार कितीही भक्तिभावाने काढो. महाडचा सत्याग्रह, काळाराम, येवला आणि नागपूर यांची चित्रे जरूर असावीत. ती भिंतींवर, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला असावीत, खाली त्या प्रसंगांची तारखेसह माहिती असावी. उजेडाची योजना करणाऱ्याने प्रकाश मूर्तीइतकाच जमलेल्या चेहऱ्यांवर पडेल असे पाहावे. घुमटाला मात्र फक्त चुना-रंग द्यावा आणि तसाच राहू द्यावा.